पगार नावासकट

महिना १२५० रुपये. मालाडच्या बॉम्बे टॉकीज या चित्रपट कंपनीत मालकीणबाई देविका राणींनी हा आकडा सांगितला आणि युसूफ खान नावाचा पेशावरी तरुण घरी पोचेपर्यंत कोड्यात पडला होता. हे महिन्याचे की वर्षाचे? थोरले भाऊ अयूब यांनाही ते महिन्याचे असतील असं वाटेना, कारण त्याच कंपनीत उमेदवारी करणाऱ्या राज कपूरला १७० रुपये मिळत होते. शेवटी ज्यांच्या ओळखीनं तिथं पाऊल पडलं होतं त्या डॉ. मसानींकडून खात्री करून घ्यावी लागली. महिन्याचेच निघाले.

दिलीपकुमार यांनी आत्मचरित्रात सांगितलेला हा किस्सा सगळ्यांना आवडतो. त्यात नशीब आहे, चर्चगेट स्टेशनवर अवचित झालेली भेट आहे, लष्कराला लाकडी खाटा पुरवण्याच्या धंद्यापायी दादरला निघालेला आणि वाट वाकडी करून मालाडला गेलेला मुलगा आहे. मला मात्र त्यापुढचा किस्सा अधिक मोलाचा वाटतो. काही काळानं देविका राणींनी त्याला बोलावून घेतलं. लवकरच तुला पडद्यावर आणायचंय, त्यासाठी वेगळं नाव घ्यावंस असं मनात आहे, दिलीपकुमार कसं वाटतं? मुलानं विचारलं, नाव छान आहे, पण त्याची खरंच गरज आहे का? बाईंचं म्हणणं, पुष्कळ विचार करून ठरवलंय. तुझी कारकीर्द मोठी होणार, तेव्हा सगळ्या धर्मांच्या प्रेक्षकांना जवळचं वाटेल असं नाव हवं. त्यानं विचार करायला मुदत मागितली, कंपनीतले निर्माते शशधर मुखर्जी यांचा सल्ला घेतला. तेही म्हणाले, घेऊन टाक, उपयोगी पडेल.

बाईंनी जबरदस्ती केली नाही, विचारलं. पण विचारणारी व्यक्ती पगाराच्या पत्रकावर सही करणारी असली की त्या विचारण्याचा अर्थ नोकरदार माणसाला बरोबर कळतो. साहेबांनी ‘रविवारी जरा याल का?’ म्हटल्यावर आपण डायरी उघडून बघत नाही.

गंमत अशी की याच घटनेची दुसरी हकीकतही खुद्द दिलीपकुमारांनीच सांगितली आहे. १९७० मध्ये महेंद्र कौल यांना दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले की नाव बदललं ते वडिलांच्या माराच्या धास्तीनं. निर्मात्यांना सांगून ठेवलं होतं, युसूफ खान सोडून काय वाटेल ते लावा, आणि पुढं जाहिरात छापून आली तेव्हा कळलं की आपण दिलीपकुमार आहोत. तिसरी हकीकत स्टुडिओतली. तिच्यात पगारावरचे साहित्यिक येतात. कवी नरेंद्र शर्मा, ‘चित्रलेखा’कार भगवतीचरण वर्मा यांची नावं घेतली जातात, आणि जहांगीर, वासुदेव, दिलीपकुमार अशी तीन नावं पुढ्यात ठेवल्याचं सांगतात. मुलाला म्हणे जहांगीर आवडलं होतं.

यातली खरी कोणती, यावर सिनेमाच्या गप्पांत रात्री गेल्या आहेत. माझं मत, तिन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वडील लाला गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी. पृथ्वीराज कपूर नट झाले म्हणून त्यांच्या वडिलांना, म्हणजे आपल्याच जिवलग दोस्ताला, दिवाण बशेश्वरनाथांना, ते टोमणे मारायचे. अशा घरातल्या मुलाला टोपणनाव सोयीचंच होतं. मालकाला हवं ते आणि नोकराला नडलेलं ते एका जागी आलं. अशा वेळी अट कुठं संपते आणि खुशी कुठं सुरू होते, हे खुद्द त्या माणसालाही पुढं तीस वर्षांनी नेमकं सांगता येत नाही. म्हणून कधी तो बाईंचं नाव घेतो, कधी वडिलांचं.

वडिलांना कळलं ते कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. ‘ज्वार भाटा’ १९४४ मध्ये आला आणि फारसं कुणाला न दिसता गेला. १९४७ साली ‘जुगनू’ चालला. क्रॉफर्ड मार्केटसमोर त्याचं मोठं होर्डिंग लागलं. आणि ज्यांनी इतकी वर्षं टोमणे खाल्ले त्या बशेश्वरनाथांनी खानसाहेबांना दुकानातून बाहेर आणून ते दाखवलं. चेहरा ओळखीचा, नाव अनोळखी. आता त्या होर्डिंगवरची बाकीची नावं आठवून बघा. नायिका नूरजहाँ. दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवी. म्हणजे जिथं नायिका आणि दिग्दर्शक दोघंही मुसलमान नावानं मिरवत होते, आणि लोक तिकिटासाठी रांगा लावत होते, तिथं नायक तेवढा दिलीपकुमार. ‘सगळ्या प्रेक्षकांना चालेल असं नाव’ या युक्तिवादाचं काय करायचं मग? नूरजहाँ हेसुद्धा पडद्यासाठी घेतलेलंच नाव, पण ते घेताना कुणाला धर्म झाकावासा वाटला नव्हता. सुरैया होती, खुर्शीद होती, याकूब आणि शेख मुख्तार होते. बाजारानं ज्यांना नाकारलं नव्हतं त्यांच्या नावाची धास्ती कचेरीला होती.

आणि ही धास्ती बॉम्बे टॉकीजच्या कचेरीत आधीपासून मुक्कामाला होती.

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये ही कंपनी काढली ती रीतसर भागभांडवल गोळा करून. संचालक मंडळावर मुंबईतली सर-रावबहादुरांच्या तोलाची माणसं, कामगार महिन्याच्या पगारावर, कॅमेऱ्यामागे जर्मन तंत्रज्ञ, आणि जातपात न बघता सगळ्यांनी एकत्र जेवायचं असं कँटीन. त्या काळच्या मानानं फार पुढारलेला कारखाना. संगीत विभाग सांभाळायला राय यांनी आणल्या खुर्शीद मिनोचर-होमजी. भातखंड्यांच्या तालमीतल्या, लखनौच्या मॅरिस कॉलेजात शिकलेल्या. मुंबईच्या रेडिओवर ‘होमजी सिस्टर्स’ म्हणून बहिणींच्या गाण्याचा कार्यक्रम चालायचा. खुर्शीदबाईंनी चाली बांधायच्या आणि बहीण माणेक यांनी पडद्यावर काम करायचं, असं ठरलं.

१९३५ मध्ये ‘जवानी की हवा’ तयार झाला आणि पारशी समाजात गहजब झाला. आपल्या घरच्या मुली सिनेमात? विरोध इतका तापला की चित्रपट पोलीस बंदोबस्तात दाखवावा लागला. मंडळावरच्या पारशी संचालकांची कोंडी झाली. तोडगा निघाला तो नावाचा. खुर्शीदच्या सरस्वती देवी झाल्या, माणेकच्या चंद्रप्रभा.

या तोडग्याकडे जरा टक लावून बघावं. ज्या शहरानं रेडिओवर होमजी भगिनी म्हणून त्यांना ऐकलं होतं, त्या शहरापासून काय लपणार होतं? ज्यांनी विरोध केला त्यांना तर या दोघी कोण हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर विरोध. नाव बदलून बहिणी लपल्या नाहीत, संचालकांना मात्र उत्तर देता येऊ लागलं, की आमच्या चित्रपटात त्या नावाची कुणी नाही. मालक कामगाराचं नाव बदलतो तेव्हा ते कामगाराच्या भल्यासाठी असल्याचं सांगतो. इथं तर ते निम्मं खरंही होतं, त्या बायकांना खरोखरच त्रास होत होता. तरी त्रास देणारे जागेवर राहिले आणि ज्यांना त्रास झाला त्यांनी नाव सोडलं, हा हिशोब काही माझ्या गळी उतरत नाही.

सरस्वती देवींनी पुढं त्याच नावानं ‘अछूत कन्या’ला संगीत दिलं. आणि एक किस्सा. सुरुवातीच्या काळात एकदा चंद्रप्रभांचा घसा बसला. नट-नट्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात असत असा तो जमाना. मग चंद्रप्रभा नुसते ओठ हलवत उभ्या राहिल्या आणि सरस्वती देवी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून गायल्या. पार्श्वगायनाच्या इतिहासात ही हकीकत सांगितली जाते ती तंत्राची नवलाई म्हणून. मला त्यात दिसतात त्या दोन पारशी बहिणी, दोघींची नावं कंपनीनं दिलेली, आणि एकीचा गळा दुसरीच्या तोंडी.

आता त्याच काळातल्या बॉम्बे टॉकीजच्या श्रेयनामावल्या काढून बघा. ध्वनिमुद्रण: सावक वाच्छा. पारशीच की! त्यांचं नाव बदलावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक जोसेफ व्हिर्शिंग, अस्सल जर्मन नावं, मुंबईतल्या प्रेक्षकाच्या जिभेला न वळणारी, पण जशीच्या तशी. (ऑस्टेनसाहेबांचं मूळ आडनाव ऑस्टरमायर, भावाशी घोटाळा नको म्हणून त्यांनी स्वतःच आखडतं घेतलेलं. पण ते मालकानं सांगून नव्हे.) नर्तक मुमताज अली त्याच स्टुडिओत त्याच नावानं नाचत होते. पहिल्या चित्रपटाचा नायक नजमुल हसन हाही स्वतःच्याच नावानं आला होता.

म्हणजे नियम असा नव्हताच. कुणाचं नाव बदलायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवणारी एकच गोष्ट मला त्या याद्यांतून पुन्हा पुन्हा सापडते: गिऱ्हाइकासमोर कोण उभं राहणार आणि मालक कुणाला घाबरून आहे. यंत्रामागच्या माणसाच्या नावाशी कुणाला घेणंदेणं नसतं.

नजमुल हसनचं पुढं काय झालं ते सर्वश्रुत आहे. १९३६ च्या ‘जीवन नैया’च्या वेळी तो देविका राणींना घेऊन पळाला. मुखर्जींनी मध्यस्थी करून बाईंना परत आणलं, नायकाला मात्र परत घेतलं गेलं नाही. त्याच्या जागी हिमांशू राय यांनी लॅबोरेटरीतल्या एका लाजऱ्या सहायकाला उभं केलं. कुमुदलाल गांगुली, मुखर्जींचा मेहुणा. नट व्हायची त्याची तिळमात्र इच्छा नव्हती. त्याचा अशोककुमार झाला. मेहुण्याची शिफारस, मालकाचा हुकूम आणि पगाराची नोकरी, यांत ‘नाही’ म्हणायला जागा कुठली?

इथं न्यायानं एक सांगायला हवं. ब्राह्मणाच्या पोराचंही आडनाव गेलं. ‘कुमार’ या शेपटानं जात पुसली जाते, प्रांतही पुसला जातो. ज्या वर्षी कुमुदलालचा अशोककुमार झाला त्याच वर्षी ‘अछूत कन्या’ आला, ब्राह्मण मुलाच्या आणि अस्पृश्य मुलीच्या प्रेमाचा. त्या स्टुडिओला जातीपलीकडचा नायक मनापासून हवा होता, यावर माझा विश्वास आहे. १९४३ मध्ये अशोककुमार आणि मुखर्जी फिल्मिस्तान काढायला निघून गेले, आणि खुर्चीवरचा कुमार गेला म्हणून दुसरा कुमार बसवला गेला, असा माझा तर्क. पुढं ‘कुमार’ ही पदवीच झाली. महाराष्ट्राबाहेरून आलेला हरिकृष्ण गोस्वामी ‘शबनम’मधल्या दिलीपकुमारांच्या पात्राचं नाव उचलून मनोजकुमार झाला. माहीमच्या पोलीस ठाण्यातले फौजदार कुलभूषण पंडित राजकुमार झाले, हरिहर जरीवाला संजीवकुमार. यातले कित्येक आपखुशीनं. तरीही एक फरक उरतोच. गोस्वामीचा कुमार झाला तेव्हा त्याची जात झाकली गेली. खानाचा कुमार झाला तेव्हा तो दुसऱ्या धर्माचा दिसू लागला. जातीपलीकडचं म्हणून जे नाव निवडलं जायचं ते प्रत्येक वेळी हिंदूच असायचं, हे कुणाला खटकल्याचं दिसत नाही.

प्रसिद्धी खात्यात मुरलेल्या जुन्या लोकांना हा विषय काढला की ते हटकून सांगतात, ‘अहो, पोस्टरवर बसायला पाहिजे ना!’ पोस्टर रंगवणाऱ्याला नाव आटोपशीर लागतं, तेही देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत. कुमुदलाल गांगुलीच्या बाबतीत हे कबूल. पण ‘युसूफ खान’ची अक्षरं मोजा आणि ‘दिलीपकुमार’ची मोजा. कुठल्याही लिपीत लिहा, दिलीपकुमारला रंग जास्तच लागणार.

कोल्हापूरचा बाज निराळा. तिथंही नावं बदलायची, आणि मालक घरच्या वडीलधाऱ्यासारखा बारसं करायचा. रंगू दिवाण ही मुलगी भालजी पेंढारकरांकडे आली आणि त्यांनी तिला सुलोचना केलं. मांडरे बंधूंतले गोपाळ चंद्रकांत झाले, वामन सूर्यकांत. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल बसवर क्लीनर होता, गिरणीत होता, मग मास्टर विनायकांच्या स्टुडिओत आला. तिथं त्याचा अमर शेख झाला. पुढं हाच माणूस डफावर थाप मारून संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटवणार होता. त्याचं मेहबूब गेलं, पटेल गेलं, पण शेख आलं. नाव बदलूनही माणूस जिथला होता तिथंच राहू शकतो, याचा हा आपल्या घरचा दाखला. हे बॉम्बे टॉकीजच्या विद्वान कचेरीला सुचलं नाही.

व्ही. शांताराम यांनी विजया देशमुखची संध्या केली, गिरगावच्या चाळीत वाढलेल्या आणि राजकमलला नकली दागिने पुरवणाऱ्या रवी कपूरचा जितेंद्र केला. याला कुणी अन्याय म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. रवीचा जितेंद्र होताना त्याला आपण कुठले हे लपवायला सांगितलेलं नव्हतं.

पुण्यात जन्मलेल्या बगदादी ज्यू घरातल्या रूबी मायर्सचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं. ती टेलिफोन ऑपरेटर होती. मोहन भवनानींनी तिला कोहिनूर कंपनीत ओढलं आणि मूकपटांची सगळ्यात झगमगती तारका ‘सुलोचना’ जन्माला आली. मूकपटात उच्चाराचा प्रश्न नव्हता. बोलपट आला तेव्हा तिला हिंदुस्तानी शिकायला वेळ काढावा लागला, आणि नाव आधी बदललेलं असल्यानं जीभ मागून वळवायची पाळी आली.

तिच्याच पुण्यात पाऊणशे वर्षांनी हा क्रम हुबेहूब पुन्हा चालू झाला. अमेरिकी गिऱ्हाइकांचे फोन घेणारी कॉल सेंटरं आली. आधी ‘फोन नेम’, मग ‘ॲक्सेंट ट्रेनिंग’. चेतन भगतच्या २००५ मधल्या ‘वन नाइट ॲट द कॉल सेंटर’ या कादंबरीत श्यामचा सॅम झालेला आहे. ते वाचून लोक हसले, कारण प्रत्येकाच्या ओळखीत एखादा सॅम होताच. माझ्या ओळखीतला एक मुलगा तिथं तीन नावं वापरून बाहेर पडला. तो सांगायचा, प्रशिक्षणात नावांची यादी फिरवायचे आणि त्यातलं एक उचलायचं. चांगली नावं पुढच्या बाकांवरच संपायची. घरी आईनं हाक मारली की आधी क्षणभर थांबायचं, हे फक्त पहिल्या महिन्यात झालं, मग सवय झाली. त्याला याचं दुःख होतं असं मुळीच नाही. पगार चांगला होता आणि रात्री कॅबनं घरापर्यंत सोडायचे. ‘मी सॅम नव्हतोच, तो कंपनीचा होता,’ असं तो म्हणायचा. या पोरांनी नाव गणवेशासारखं खुंटीवर टांगायचं कौशल्य मिळवलं होतं. पण संध्याकाळी घालून पहाटे उतरवायचं नाव वेगळं आणि सहकारी, साहेब, मजकूर, ईमेल सगळीकडे चोवीस तास चिकटवलेलं नाव वेगळं.

दुसऱ्या प्रकारचा खटला अमेरिकेत उभा राहिला. ममदूह एल-हकीम हा अरब वंशाचा कर्मचारी. त्याच्या कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यानं त्याला ‘मॅनी’ म्हणायला सुरुवात केली. पाश्चात्त्य नाव असलं की गिऱ्हाइकांना बरं पडेल आणि तुझीही भरभराट होईल, असं समर्थन. देविका राणींचाच युक्तिवाद, साठ वर्षांनी, दुसऱ्या खंडात! एल-हकीमनं वारंवार हरकत घेतली. ममदूह जड जात असेल तर आडनावानं हाक मारा, हकीम म्हणा, अशी तडजोडही सुचवली. साहेबांनी त्याचं ‘हँक’ केलं. बैठकीत हँक, ईमेलमध्ये हँक, महिनोन्‌महिने.

पंचांनी भरपाईचे १५ हजार आणि दंडात्मक १५ हजार डॉलर मंजूर केले. कंपनी अपिलात गेली. २००५ मध्ये तिथल्या नवव्या विभागीय अपील न्यायालयानं निकाल कायम ठेवला. वंशभेद व्हायला कातडीचा रंगच लागतो असं नाही, नावावरूनही माणसाचा वंश ओळखला जातो, त्यामुळे नावावर घातलेला घाव वंशावरचाही असू शकतो, असा त्या निकालाचा आशय. आणि ज्या कायद्याखाली हे ठरलं तो मुळात १८६६ चा, यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांना गोऱ्यांच्या बरोबरीनं करार करता यावेत म्हणून केलेला. नोकरी हाही करारच.

त्यानंतर चारच वर्षांनी, २००९ मध्ये, न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावी एका टेक्सासवाल्यानं डबघाईला आलेलं हॉटेल घेतलं आणि स्वागतकक्षावरच्या मार्कोसला मार्क व्हायला सांगितलं, मार्तीनला नावाचा स्पॅनिश उच्चार सोडून इंग्रजी धर्तीचं मार्टिन व्हायला. आपल्यासमोर स्पॅनिश बोलू नका, हेही फर्मान होतं. चारशे वर्षं स्पॅनिश बोलत आलेला तो मुलूख. काही कामगार नोकरीवरून गेले, हॉटेलसमोर निदर्शनं झाली. मालकाचं म्हणणं काय? फोनवरच्या पाहुण्यांना स्पॅनिश उच्चार कळत नाहीत. वंशद्वेष वगैरे काही नाही, केवळ धंदा! खोलीत चादरी बदलणाऱ्यांच्या नावांची त्याला अडचण नव्हती. फोन उचलणाऱ्यांची होती.

आपल्याकडे असं फर्मान निघालं तर? राज्यघटनेचे समतेचे अनुच्छेद मुख्यतः सरकारला बांधतात, खासगी मालकाला नाही. धर्म किंवा जात बघून खासगी नोकरीत भेदभाव करू नये असा सर्वसाधारण कायदा आपण केलेला नाही. २०२१ मध्ये जिज्ञा यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आपलं नाव आपण ठरवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. पण तिथं समोर सीबीएसई हे परीक्षा मंडळ होतं, एखादी कंपनी नव्हती. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं नाव आपलं, आणि नोकरीतलं? ते ज्यानं त्यानं आपापल्या करारात बघायचं.

करारात बघणारी एक मुलगी मात्र आपल्या सिनेमात होऊन गेली. १९५५ च्या सुमाराची गोष्ट. गुरुदत्त आणि राज खोसला ‘सी.आय.डी.’साठी मद्रासहून आलेल्या एका नव्या मुलीशी करार करत होते. वय अठराच्या आत, म्हणून सही आईची. खोसलांनी विषय काढला, वहीदा रहमान हे नाव फार लांब आहे, त्यात काही आकर्षण नाही, बदलू या. दाखलेही तयार होते. दिलीपकुमार, मधुबाला, मीनाकुमारी, नर्गिस, सगळ्यांनी बदललं की! मुलगी म्हणाली, हे नाव आईवडिलांनी ठेवलंय, मला आवडतं, मी बदलणार नाही.

तिच्या पाठीशी काही नव्हतं. वडील हयात नव्हते, पदरी दोन-तीन तेलुगू-तमिळ चित्रपट. खोसला चिडले, नवख्या पोरींनी अटी घालायच्या नसतात. गुरुदत्त फारसे बोलले नाहीत. वेळ मागून घेतला, आणि काही दिवसांनी कळवलं की नाव राहू दे. तेवढ्यावर ती थांबली नाही. सहीच्या वेळी म्हणाली, अजून एक कलम घाला, जो पोशाख मला पटणार नाही तो मी घालणार नाही. खोसलांचा पुन्हा संताप. कलम पडलं. नावाचा हट्ट जमला तेव्हा तिला बहुधा कळलं असावं की या टेबलावर मागितलं तर मिळतं.

तो सगळा प्रसंग कसा जुळून आला होता बघा. पलीकडे बसलेल्या निर्मात्याचं जन्मनाव वसंतकुमार शिवशंकर पडुकोण. लहानपणीच ते बदललं गेलं, पुढं आडनावही गळालं, आणि गुरुदत्त हे उरलेलं नाव ऐकून लोक त्यांना आयुष्यभर बंगाली समजत राहिले. बेस्टच्या बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या बद्रुद्दीन काझीला जॉनी वॉकर हे व्हिस्कीचं नाव याच गुरुदत्तांनी दिलं होतं, आणि काझीसाहेब दारूला शिवत नसत. नायक देव आनंद, मूळ धरमदेव पिशोरीमल आनंद. १९५६ मध्ये ‘सी.आय.डी.’ लागला. नायकाचं नाव कापलेलं, विनोदवीराचं बाटलीवरून घेतलेलं, निर्मात्याचं निम्मं गाळलेलं, आणि खाली त्या नवख्या मुलीचं, लांबच्या लांब.